तबकडीची डबी

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें गड, लढाया आणि तहनामे उभे राहतात. शाळेंत मीं आयुष्यभर तोच इतिहास शिकविला व त्याविषयीं माझी कांहीं तक्रार नाहीं. परंतु घरांतील कपाटांत जागा अडवून बसलेल्या सामान्य वस्तूंनाहि इतिहास असतो, आणि त्यांस बखरकार मात्र सहसा मिळत नाहीं. आज बोलण्यासाठीं मीं निवडलेली वस्तु अशीच आहे. गाण्याची सीडी ज्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबींतून येते, ती डबी. पुष्कळ घरांत ती आतां खालच्या खणांत गेली आहे. कोठें तिचें झांकण एकाच बिजागरीवर लोंबकळत असेल, तर कोठें डबी ख्यालाची नि आंतली तबकडी बालगीतांची, असाहि प्रकार झाला असेल.

गाणें कानांनीं ऐकावयाचें; मग त्याच्या वेष्टणाचा एवढा विचार कशाला, असें कोणी विचारील. माझें उत्तर असें कीं, गाण्याचा कुलवृत्तांत त्याच्या वेष्टणावरच लिहिलेला असतो. शब्द कोणाचे, चाल कोणाची, तबल्यावर कोण बसलें होतें, ध्वनिमुद्रण कोणत्या सालीं झालें, हें सूर सांगत नाहींत, कागद सांगतो. त्यामुळें वेष्टण कसकसें बदलत गेलें हें पाहूं लागलों, कीं तें लिखाण कोणाच्या सोयीनें वाढलें आणि कोणाच्या सोयीनें आटलें, हेंहि आपोआप दिसूं लागतें.

आरंभ आपल्याच देशापासून करतां येतो. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गायसबर्ग नांवाचा अमेरिकन तंत्रज्ञ लंडनच्या ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहर जान हिचें गाणें ध्वनिमुद्रित केलें. मेणावर उमटविलेले ते मूळ ठसे आगबोटीनें जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं गेले. कारण तबकड्या छापण्याचा कारखाना तेथें होता. आतां, हिंदुस्थानांत कोण काय गातो हें हॅनोव्हरच्या कामगारांस कळावें कसें? म्हणून गाण्याच्या अखेरीस गाणाऱ्यानें आपलें नांव मोठ्यानें सांगावें, असा त्या काळीं प्रघात होता. गौहर जान तें इंग्रजींत सांगे. म्हणजे वेष्टणावर जावयाचा मजकूर त्या वेळीं गाण्याच्या पोटांतच होता. पुढें १९०८ मध्यें कलकत्त्यास सियालदह येथें कारखाना निघाला, १९२८ पासून तें काम डमडमला होऊं लागलें, आणि कागदावर नांवें छापण्याची सोय वाढत गेली तशी ही घोषणाहि मागें पडली.

त्या जुन्या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या. जड आणि हातून पडल्या कीं फुटावयाच्याच. पण त्यांचें वेष्टण पाहिलें तर साध्या खाकी कागदाचें पाकीट! मधोमध एक वाटोळें भोंक, व त्यांतून तबकडीच्या पोटावरची चिठ्ठी दिसावयाची. आमच्या घरीं वडिलांनीं जपलेलीं अशीं पांचसात पाकिटें होतीं आणि लहानपणीं मला तें भोंक म्हणजे दारिद्र्याचें लक्षण वाटे. वस्तुतः त्यांत व्यापाऱ्याची मोठी हुशारी होती. भोंक पाडल्यामुळें एकच पाकीट कोणत्याहि गाण्याला चाले. पाकिटावर गाण्याचें नांव छापावयाचें कारणच उरत नसे. त्यावर कंपनीचें चिन्ह आणि कित्येकदां विकणाऱ्या दुकानदाराचें नांव व पत्ता असे. गवयाला जागा भोंकापुरती!

तबकडीच्या एका बाजूस तीनसाडेतीन मिनिटांचेंच गाणें बसे. मोठी रचना द्यावयाची तर चारपांच तबकड्या लागत. युरोप-अमेरिकेंत अशा तबकड्यांचीं पाकिटें एकत्र शिवून त्यांना पुठ्ठ्याची बांधणी करीत, आणि तें पुस्तक फोटोंच्या आल्बमसारखें दिसे म्हणून त्यालाहि आल्बम म्हणूं लागले. आतां पानें गेलीं, बांधणी गेली, तरी शब्द राहिला आहे. या बांधणीवर रंगीत चित्र असावें ही कल्पना अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीच्या अॅलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकारानें १९४० च्या सुमारास अंमलांत आणली. तेव्हां त्यानें वयाची पंचविशीहि ओलांडलेली नव्हती. त्याच कंपनीनें १९४८ सालीं बारा इंची 'लाँग प्लेइंग' तबकडी काढली. तिच्या बारीक रेघांवर जाड खाकी कागदाचे वळ उमटूं लागले, तेव्हां पातळ पुठ्ठ्यावर छापील कागद चिकटवून केलेलें पाकीटहि स्टाइनवाइसनेंच योजिलें.

हा पुठ्ठा आला आणि लिखाणास प्रथमच ऐसपैस अंगण मिळालें. पुढच्या बाजूस चित्र, पाठीवर मजकूर. आपल्याकडील शास्त्रीय संगीताच्या एल. पी. तबकड्यांच्या पाठीवर रागाचा परिचय, घराण्याची माहिती, साथीदारांचीं नांवें असत. बहुधा इंग्रजींत असत हें खरें, पण असत. दुकानांत तबकडी विकत घेण्याची ऐपत नसलेला मनुष्यहि उभ्या उभ्या पाठ वाचून थोडा शहाणा होऊन बाहेर पडे. 'गीतरामायणा'चे कवि माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके, हें सांगावयास वेष्टण लागत नाहीं. १९५५ सालीं पुणें आकाशवाणीवरून सुरू झालेल्या त्या कार्यक्रमानें तें घरोघरीं पोंचविलें होतें. परंतु एखाद्या ख्यालाच्या मागें सारंगी कोण वाजवीत आहे, हें त्या पाठीवरच्या चार ओळींखेरीज सामान्य श्रोत्यास कोण सांगणार?

मधली कॅसेट मी थोडक्यांत आटोपतों. ती फिलिप्स या डच कंपनीनें १९६३ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत मांडली. स्वस्त, खिशांत मावणारी आणि मराठी मध्यम वर्गाच्या घरांत खऱ्या अर्थानें संगीत नेणारी वस्तु ती हीच. पण तिच्या डबींतला कागद म्हणजे दुमडलेलें तिकीट! त्यावरचे श्रेयनामावलीचे अक्षर वाचावयास जवाहिऱ्याचें भिंग हवें.

आतां मुख्य वस्तूकडे येऊं. फिलिप्स आणि जपानची सोनी या दोन कंपन्यांनीं मिळून सीडी सिद्ध केली. फिलिप्सच्या मनांत साडेअकरा सेंटिमीटर व्यासाची तबकडी होती, कारण कॅसेटीचा कर्ण तेवढा होता. सोनीच्या आग्रहानें ती बारा सेंटिमीटरची झाली. १९८२ च्या ऑगस्टांत ती छापण्यास आरंभ झाला तो हॅनोव्हरला लागून असलेल्या लांगेनहागेन येथें. ज्या शहरानें गौहर जानचें गाणें छापिलें त्याच्याच वेशीवर, त्याच जुन्या कारखान्याच्या वंशांतील कारखान्यांत, बरोबर ऐंशी वर्षांनीं! १ ऑक्टोबर १९८२ रोजीं जपानांत विक्री सुरू झाली.

या तबकडीसाठीं फिलिप्सकडील पीटर डूडसन यांनीं जी डबी आंखली, तिला इंग्रजींत 'ज्यूएल केस' म्हणतात, म्हणजे रत्नाची डबी. लांबी १४२ मिलिमीटर, रुंदी १२५, जाडी १०. तिचे भाग तीन : झांकण, तळ आणि तळांत बसणारी ताटली. ताटलीच्या मध्यभागीं दांत्यांचें एक फूल असतें, आणि तबकडीचें भोंक त्यावर दाबून बसवावयाचें. तबकडी मध्याशीं तेवढी टेकते. जी बाजू यंत्रांतील प्रकाशकिरण वाचतो ती अधांतरीं राहते, कशासहि घासत नाहीं. जुनी तबकडी पाकिटांतून काढतां-घालतांना दर वेळीं थोडी झिजे; हा दोष येथें मुळापासून काढून टाकलेला आहे. कमळाच्या पानावर थेंब जसा न भिजवितां उभा राहतो, तशी ही तबकडी न स्पर्शतां ठेवलेली असते.

येथें एक समजूत दुरुस्त करावीशी वाटते. आपण चकचकीत बाजू जपतों आणि नांव छापलेली बाजू खुशाल टेबलावर घासतों. परंतु संगीताची नोंद धारण करणारा धातूचा थर छापील बाजूच्या लगत खालीं असतो; त्यावर लॅकरचा अगदीं पातळ लेप आणि छपाई, एवढेंच रक्षण. चकचकीत बाजूकडून तो मिलिमीटरभराहून अधिक जाडीच्या प्लॅस्टिकखालीं असतो. तिकडचा ओरखडा घासून नाहींसा करतां येतो. छापील बाजूनें थर खरवडला गेला तर गाणें गेलेंच.

डबीचें प्लॅस्टिक पॉलिस्टिरीन जातीचें. तें कांचेसारखें स्वच्छ दिसतें, सांच्यांत झटपट ओततां येतें, आणि ठिसूळपणांतहि कांचेचीच आठवण करून देतें. झांकणाला दोन बारीक बाहू असतात. त्यांच्या टोकांचीं बोंडें तळाच्या भोंकांत फिरतात. हीच बिजागरी. डबी हातून पडली कीं प्रथम बळी जातो तो या बाहूंपैकीं एकाचा. पाठोपाठ दांत्यांच्या फुलाच्या दोन पाकळ्या गळतात, आणि मग हालविली कीं डबी खुळखुळ्यासारखी वाजते. झांकणाच्या आंतील अर्धचंद्राकृति कंगोऱ्यांखालीं पुस्तिका सरकवावयाची असते. ती बाहेर काढतांना ज्यानें तिचा कांठ दुमडला नाहीं असा गृहस्थ मला भेटावयाचा आहे.

इतके दोष असूनहि मी या डबीचा पक्षपाती आहें, आणि त्याचें कारण असें कीं तिच्यांत कागद कोठेंहि चिकटविलेला नसतो. पुस्तिका सुटी, ताटलीखालचा कागदहि सुटा. त्या खालच्या कागदाच्या दोन्ही कडा वर दुमडून पुस्तकाच्या पाठीसारख्या केलेल्या असतात, म्हणून फळीवर उभी ठेवलेली डबी नांव सांगते. डबी फुटली तर रिकामी डबी आणावी, कागद उचलून नव्या घरांत ठेवावे, आणि वस्तु पुन्हां पहिल्यासारखी. शाळेच्या पुस्तकांना खाकी कागदाचीं कव्हरें घालण्यांत ज्यांचा जून महिना गेला, त्यांना ही सोय किती मोलाची वाटते तें सांगावयास नको.

लिखाणाचें काय झालें? एल. पी. च्या चित्राच्या मानानें सीडीचें चित्र साधारण सातव्या हिश्श्याचें राहिलें. चित्रकारांनीं यावर पुष्कळ अश्रु ढाळले. पण वाचकाच्या दृष्टीनें पाहिलें तर पाठीवरच्या एका पानाच्या जागीं येथें पंधरावीस पानांची पुस्तिका मिळूं लागली. अक्षर बारीक झालें खरें, मजकूर मात्र वाढला. बंदिशीचे शब्द, त्यांचा अर्थ, मैफलीचें स्थळ व तारीख, प्रत्येक साथीदाराचें नांव, इतकें सर्व एखाद्या चांगल्या पुस्तिकेंत सांपडे. ध्वनिमुद्रित संगीताच्या इतिहासांत लिखाणाला इतकी जागा पूर्वीं क्वचितच मिळाली होती.

यानंतरची कथा अमेरिकेची आहे आणि ती मोठी मौजेची आहे. तेथील दुकानांत बारा इंची एल. पी. साठीं केलेल्या लांकडी मांडण्या होत्या. पांच इंची डबी त्यांत टाकली तर दिसेनाशी होई, आणि कोणाच्याहि खिशांत जाई ती निराळीच. मांडण्या बदलावयाच्या तर खर्च. म्हणून दुकानदारांच्या आग्रहास्तव डबीसाठीं सहा इंच रुंद व बारा इंच लांब असें पुठ्ठ्याचें खोकें करण्यांत आलें. अशीं दोन खोकीं शेजारीं शेजारीं ठेवलीं कीं जुन्या मांडणींत बरोबर बसत. या 'लाँगबॉक्स'चा बराचसा भाग पोकळच असे. गिऱ्हाईक घरीं जाऊन तें फाडी आणि फेकून देई.

लांकूडमांडणी वाचविण्यासाठीं झाडें तोडावयाचीं, हा न्याय कांहीं गायकांस पटेना. मुलांचीं गाणीं गाणारा कॅनडाचा राफी, इंग्लंडचा पीटर गेब्रिएल यांसारख्यांनीं विरोध सुरू केला. दुकानदारांची बाजूहि अगदींच लटकी नव्हती. चोरी हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. या वादांत १९९१ सालीं एक विलक्षण प्रकार घडला. आर. ई. एम. या अमेरिकन संगीतसंघाच्या 'आउट ऑफ टाइम' या सीडीच्या लांब खोक्यावर सेनेटच्या सभासदांस उद्देशून एक अर्ज छापला होता. मतदारनोंदणी सोपी करणारें एक विधेयक तेव्हां तेथें रखडत होतें. गिऱ्हाइकानें पुठ्ठ्याचा तुकडा कापावा, सही करावी, पोस्टांत टाकावा! हजारों लोकांनीं तसें केलें. विधेयक मंजूर झालें, परंतु अध्यक्ष बुश यांनीं १९९२ मध्यें तें नाकारलें. पुढें मे १९९३ मध्यें अध्यक्ष क्लिंटन यांची सही होऊन त्याचा कायदा झाला. या कायद्यामागें दुसऱ्या अनेक शक्ति होत्या, त्याचें सारें श्रेय पुठ्ठ्यास देणें हा बालिशपणा होईल. तरी नागरिकशास्त्राच्या तासाला सांगावयास याहून चांगलें उदाहरण मला मिळालें नाहीं. गंमत अशी कीं, कायदा होण्याच्या सुमारें दीड महिना आधीं, म्हणजे १ एप्रिल १९९३ पासून, अमेरिकेंतील ध्वनिमुद्रण कंपन्यांनीं तें खोकेंच बंद केलें होतें. चोरीच्या भयानें दुकानदारांनीं मग डबीभोंवतीं प्लॅस्टिकचे कुलुपबंद सांगाडे लावले. ते गल्ल्यावर काढून घेत व पुन्हां वापरीत. हें आधींच कां सुचलें नाहीं, याचें उत्तर मांडणीच्या किंमतींत आहे.

जपाननेंहि एक लांब वेष्टण काढलें, पण तें किती निराळें! तेथें १९८८ सालीं एकदोन गाण्यांसाठीं आठ सेंटिमीटरची छोटी सीडी निघाली आणि तिला उभ्या अरुंद पुठ्ठ्यांत बसविलें. लोक तिला 'तान्झाकु' म्हणूं लागले. कविता लिहिण्याची कागदी पट्टी असा त्या शब्दाचा अर्थ. मोठ्या डब्यांच्या पाठीवरून जपानी लोक 'ओबि' म्हणजे कमरपट्टा या नांवाची कागदी पट्टी गुंडाळतात. तिच्यावर नांव, किंमत असा मजकूर असतो आणि शौकीन लोक ती सुद्धां जपून ठेवतात. आपण वर्तमानपत्राच्या रद्दीबरोबर काय काय विकलें, याची आठवण येथें होते.

खोकें गेल्यावर पुठ्ठा दुसऱ्या रूपानें परत आला. 'डिजिपॅक' या वेष्टणांत बाहेरून पुस्तकासारखा उघडणारा छापील पुठ्ठा आणि आंत चिकटविलेली प्लॅस्टिकची ताटली. दिसावयास देखणें, हाताला उबदार. परंतु दांत्यांचें फूल मोडलें कीं दुरुस्ति नाहीं, आणि दमट हवेंत पुठ्ठ्याचे कोंपरे कुरतडल्यासारखे होतात. आपल्या मुंबईच्या पावसाळ्यास तें मानवत नाहीं. डबीच्या कल्पना १९९० नंतर इतक्या फांकल्या कीं त्यांची जंत्री देणें व्यर्थ. १९९५ सालीं पिंक फ्लॉइड या इंग्रज संगीतसंघानें 'पल्स' नांवाच्या सीडीच्या पाठीवर लुकलुकणारा तांबडा दिवा बसविला. १९९७ सालीं स्पिरिच्युअलाइज्ड या संघानें आपलें संगीत औषधाच्या गोळीसारखें बंद करून दिलें. यांत कल्पकता आहे, नाहीं असें नाहीं. पण दिव्याची विजेरी संपल्यावर मागें राहतो तो पुस्तिकेंतला मजकूरच.

आपल्याकडे ऱ्हास आला तो वेगळ्या वाटेनें. एकाच तबकडींत शंभर-दीडशें गाणीं भरणारी 'एमपीथ्री' सीडी बाजारांत आली. गाणीं वाढलीं तसा कागद वाढावयास हवा होता, झालें उलट. मीं एका दुकानांतून नाट्यगीतांची अशी एक तबकडी घेतली. पातळ कागदी पाकीट, त्यांत पारदर्शक खिडकी, आणि मागें बारीक अक्षरांत गाण्यांच्या पहिल्या शब्दांची यादी. नाटकाचें नांव नाहीं, नाटककाराचें नाहीं, साल नाहीं. ऑर्गनवर कोण होतें हें विचारणें म्हणजे चैनच. सत्तर वर्षांच्या रंगभूमीची शिल्लक किराणा मालाच्या यादीसारखी छापली होती. भोंक असलेलें खाकी पाकीट खिडकी लावून परत आलें, असें मला त्या दिवशीं वाटलें.

जगांतहि पुढें तेंच झालें. अमेरिकेंत २००० सालीं चौऱ्याण्णव कोटींहून अधिक सीडी बाजारांत गेल्या होत्या. तो कळस होता. दुसऱ्याच वर्षीं ॲपलचा आयपॉड निघाला, २००३ मध्यें त्याच कंपनीनें सुटीं गाणीं विकण्याचें दुकान इंटरनेटवर उघडलें, आणि गाण्यास डबीच लागेनाशी झाली. २०२० सालीं अमेरिकेंत सीडीपेक्षां जुन्या पद्धतीच्या मोठ्या तबकडीचें उत्पन्न अधिक झालें, व २०२२ सालीं तिच्या प्रतीहि अधिक खपल्या. मोठें चित्र आणि पाठीवरचा मजकूर यांची ओढ त्यांत नसेलच, असें मला म्हणवत नाहीं. फोनवर गाणें लावलें तर चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढें, आणि साथीदाराचें नांव पुष्कळदां नाहींच. माझा नातू मला सांगतो कीं शोधलें तर सांपडतें. शोधण्यासाठीं कोणी होतें हें आधीं ठाऊक असावें लागतें, हें त्याला अजून उमगलेलें नाहीं.

आणि अगदीं अलीकडची गोष्ट दक्षिण कोरियांतली. तेथें सीडीचे पुडे अजून मोठ्या संख्येनें खपतात. त्यांत जाड छायाचित्रपुस्तक, भित्तिपत्र, गायकाच्या चित्राचीं सुटीं कार्डें असतात. कोणतें कार्ड निघेल हें उघडेपर्यंत कळत नाहीं, म्हणून मुलें एकाच गाण्यांचे चार चार पुडे घेतात. २०२२ सालीं जे-होप या गायकाचा 'जॅक इन द बॉक्स' नांवाचा आल्बम निघाला. खोकें होतें, कार्डें होतीं, आणि फोननें वाचावयाची एक खूण होती. गाणें फोनवर ऐकावयाचें. तबकडी त्या खोक्यांत मुळीं ठेवलीच नव्हती.